इंग्रजीचा अभ्यास आणि अमेरिकेची लोकस्थिति

विद्यार्थी मित्रहो, आपण शाळेंत इंग्रजी कशासाठीं शिकतों, असा प्रश्न केला असतां बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: परीक्षेंत गुण मिळावे, पुढें कॉलेजांत अडूं नये आणि नोकरी मिळावी. हीं उत्तरें खोटीं नाहींत. पालकांनीं पोटाला चिमटा घेऊन मुलांस शाळेंत घातलेलें असतें. त्यांस मुलांच्या चरितार्थाची काळजी वाटावी हें योग्यच आहे. परंतु एवढ्याच हेतूनें शिकलेली भाषा बहुधा जिभेवरच राहते, मनांत उतरत नाहीं. शब्दांचे अर्थ पाठ होतात, व्याकरणाचे नियमही पाठ होतात. पण शब्द कोठें वाढला, तो उच्चारणारावर कोणती जबाबदारी येते, हें कळत नाहीं. म्हणून, एखाद्या इंग्रजी बोलणाऱ्या राष्ट्राची समाजस्थिति व राज्यव्यवहार समजून घेत इंग्रजी शिकल्यास काय लाभ होतो, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेऊन येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक साधी गोष्ट पाहूं. ‘पब्लिक’ म्हणजे सार्वजनिक व ‘स्कूल’ म्हणजे शाळा; यावरून ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सार्वजनिक शाळा, असा अर्थ कोणीही करील. अमेरिकेंत तो बरोबर आहे. तेथें करांच्या पैशांवर चालणारी व फी न घेतां शिकविणारी शाळा ती पब्लिक स्कूल. पण इंग्लंडांत हेंच नांव ईटन, हॅरो यांसारख्या भारी फीच्या जुन्या खाजगी शाळांस आहे. ‘काँग्रेस’ म्हटलें कीं आपल्यापुढें एक राजकीय पक्ष उभा राहतो. अमेरिकेंत काँग्रेस म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळ, आणि त्यांत निरनिराळ्या पक्षांचे सभासद बसतात. आपल्या राज्याचा गव्हर्नर राष्ट्रपति नेमतात. अमेरिकेंत प्रत्येक संस्थानाचा गव्हर्नर तेथील मतदार निवडून देतात, आणि संस्थानाचा कारभारही तोच चालवितो. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ याचें भाषांतर कोणी ‘राज्याचा चिटणीस’ असें केलें, तर तो अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यास चिटणीस करून टाकील!

वर्तमानपत्रांत ‘पॉप्युलर वोट’ हे शब्द येतात. कोशांत ‘पॉप्युलर’ म्हणजे लोकप्रिय. पण येथें अर्थ आहे मतदारांनीं प्रत्यक्ष दिलेलीं मतें. अमेरिकेचा अध्यक्ष त्या मतांच्या बेरजेनें ठरत नाहीं. संस्थानवार निवडलेले ५३८ प्रतिनिधि त्यास निवडतात, आणि त्यांपैकीं २७० मतें लागतात. म्हणूनच इ. स. २०१६ मध्यें हिलरी क्लिंटन यांस २८ लाखांहून अधिक मतें जास्त पडूनही डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. ही पद्धति ठाऊक नसेल तर बातमींतील प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्य मात्र परकें राहतें. एकच स्त्री माहेरीं लेक व सासरीं सून असते. शब्दांचेंही तसेंच आहे. घर बदललें कीं नातें बदलतें.

स्पेलिंगाच्या मुळाशींही कधीं कधीं राज्यकारण असतें. ‘कलर’ व ‘सेंटर’ हे शब्द इंग्रज एका रीतीनें लिहितात, अमेरिकन दुसऱ्या रीतीनें. राष्ट्र स्वतंत्र झालें, तर त्याची भाषाही इंग्लंडच्या हाताखालीं राहूं नये, असा आग्रह नोआ वेब्स्टर या शिक्षकानें धरला. त्याचें शाळेसाठीं लिहिलेलें स्पेलिंगाचें पुस्तक इ. स. १७८३ मध्यें आणि मोठा शब्दकोश १८२८ मध्यें निघाला. विद्यार्थ्यांनीं दोहोंपैकीं एक रीत धरावी. मात्र एकाच निबंधांत दोन्ही मिसळूं नयेत.

येथवर सांगितले ते भेद वरवरचे होत. याहून खोल गोष्ट ‘ईक्वल’ या एका विशेषणाच्या चरित्रावरून समजेल. ईक्वल म्हणजे समान, असें कोश सांगतो. तीन अक्षरांत काम झालें! परंतु या तीन अक्षरांचा अर्थ ठरविण्यास अमेरिकेंत किती काळ लागला तें पाहा.

इ. स. १७७६ च्या जुलै महिन्यांत तेरा वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारून स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसें समान निर्माण झालीं आहेत, हें तत्त्व त्यांत स्वयंसिद्ध म्हणून मांडलें होतें. मजकूर मुख्यतः टॉमस जेफर्सन याचा. आणि त्याच जेफर्सनच्या मालकीचे, त्याच्या सबंध आयुष्यांत मिळून, सहाशेंहून अधिक गुलाम होते. १८४८ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील सेनेका फॉल्स येथें जमलेल्या स्त्रियांनीं त्याच जाहीरनाम्याच्या नमुन्यावर आपला जाहीरनामा लिहिला, आणि पुरुषांच्या जोडीस स्त्रियांचेंही नांव घातलें. १८५७ सालीं सुप्रीम कोर्टानें ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यांत असा निकाल दिला कीं, आफ्रिकन वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊं शकत नाहीं. १८६० च्या खानेसुमारींत अशा गुलामांची संख्या सुमारें ४० लाख भरली. म्हणजे ‘सर्व’ म्हणतांना एवढीं माणसें हिशेबांतच धरलीं नव्हतीं.

पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत घोर यादवी युद्ध झालें. १८६५ सालीं राज्यघटनेची १३ वी दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीनें, प्रत्येक मनुष्यास कायद्याचें समान संरक्षण मिळावें, असें ठरलें आणि ‘ईक्वल’ हा शब्द नागरिकांच्या हक्कांच्या संबंधानें घटनेंत आला. तरी गोष्ट संपली नाहीं. लुइझियाना संस्थानानें आगगाडींत गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे वेगळे केले होते. त्याविरुद्ध होमर प्लेसी याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १८९६ सालीं कोर्टानें डबे वेगळे ठेवण्यास मान्यता दिली. त्या निकालापासून ‘वेगळे, पण समान’ हें सूत्र रूढ झालें. व्याकरणदृष्ट्या त्यांत दोष नाहीं. उभयान्वयी अव्यय आपल्या जागीं आहे. परंतु त्या इवल्याशा ‘पण’च्या आडोशाखालीं अर्ध्या शतकाहून अधिक काळ काळ्या मुलांस वेगळ्या, आणि बहुधा मोडक्या, शाळांत बसविलें गेलें.

अखेर १९५४ च्या मे महिन्यांत, ब्राउन खटल्यांत, नऊही न्यायाधीशांनीं एकमतानें निकाल दिला कीं सार्वजनिक शिक्षणांत हें सूत्र चालणार नाहीं. इमारती व पुस्तकें सारखीं केलीं तरी, केवळ वर्णामुळें वेगळें काढलेल्या मुलाच्या मनांत आपण हीन आहों ही भावना घर करते, आणि जेथें ती आहे तेथें समानता नाहीं. जाहीरनाम्यापासून या निकालापर्यंत १७८ वर्षें लोटलीं. मतदानांतील भेदभावाविरुद्धचा मोठा कायदा तर १९६५ सालीं झाला. ज्या विद्यार्थ्यानें हें वाचलें, त्यास ‘ईक्वल’ शब्दाचा अर्थ पुन्हां पाठ करावा लागत नाहीं.

शब्दाचा अर्थ असा वाढविणारे लोक कोण होते? त्यांतील एकाचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचण्याजोगें आहे. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडमध्यें गुलाम म्हणून जन्मला. बाल्टिमोर शहरीं त्याच्या धनिणीनें त्यास मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. पण हा वाचावयास शिकला तर गुलाम म्हणून उपयोगाचा राहणार नाहीं, असें म्हणून तिच्या नवऱ्यानें तें बंद पाडलें. मुलानें तें ऐकलें, आणि सुटकेची वाट कोणती हें त्याच वेळीं ओळखलें. कामास बाहेर पडतांना तो बरोबर पाव घेई, रस्त्यांतील गरीब गोऱ्या मुलांस तो देई आणि त्यांच्याकडून एकेक धडा शिकून घेई. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें पन्नास सेंट देऊन ‘कोलंबियन ऑरेटर’ हें वक्तृत्वाचें शाळकरी पुस्तक विकत घेतलें. १८३८ सालीं तो पळून स्वतंत्र झाला. १८४५ सालीं त्याचें आत्मचरित्र निघालें. १८५२ सालीं रॉचेस्टर येथें, स्वातंत्र्यदिनाच्या निमित्तानें भाषण करतांना, हा दिवस गुलामाच्या दृष्टीनें काय आहे, असा रोकडा सवाल त्यानें श्रोत्यांस केला. ज्या भाषेंत मालक हुकूम करीत, तीच भाषा शिकून त्यानें मालकांस उत्तर दिलें. गुलामगिरीचे पुरस्कर्ते आणि तिचे शत्रु, दोघेही एकाच बायबलांतील वचनें पुढें करीत. म्हणून वाचन किती जपून व किती प्रामाणिकपणें करावें लागतें, हेंही त्या काळाच्या इतिहासावरून शिकतां येतें.

आतां लेखनाविषयीं. आपल्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांस लांब व बोजड शब्द घातल्याखेरीज इंग्रजी निबंध चांगला होत नाहीं असें वाटतें. १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथील रणभूमीवर स्मशानभूमि अर्पण करण्याचा समारंभ झाला. प्रख्यात वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. त्यांच्यामागून अध्यक्ष लिंकन उठले. त्यांचें भाषण सुमारें २७० शब्दांचें, दोनतीन मिनिटांत संपणारें. शब्द बहुतेक लहान, घरगुती, पहिल्या इयत्तांत शिकविले जाणारे. लोक आज लिंकनचें भाषण पाठ म्हणतात. आणि दोन तासांत आपणांस जें साधलें नाहीं तें तुम्हीं दोन मिनिटांत साधलें, अशा आशयाचें पत्र खुद्द एव्हरेट यांनीं दुसऱ्याच दिवशीं त्यांस लिहिलें. ब्राउन खटल्याचा निकालही सरन्यायाधीश वॉरन यांनीं मुद्दाम आटोपशीर लिहिला. सामान्य मनुष्यास तो वाचून समजावा ही त्यांची इच्छा होती. १९६३ च्या ऑगस्टमध्यें वॉशिंग्टन येथें मार्टिन ल्यूथर किंग यांनीं, राष्ट्रानें काळ्या लोकांस दिलेली हुंडी न वटतां परत आली आहे, असा दृष्टांत दिला. तो समजण्यास पांडित्य लागत नाहीं. ज्यास खरोखर कांहीं सांगावयाचें असतें, तो सोपें लिहितो.

हा विषय आपणांस वाटतो तितका दूरचाही नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, आणि महाराष्ट्रांतील कित्येक शाळा त्या कार्यांतून निघाल्या. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, आणि निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस तो अर्पण केला. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभास गेलेल्या पंडिता रमाबाई यांनीं तो देश हिंडून पाहिला, आणि तेथील राज्यपद्धति, शाळा, घरें व स्त्रियांचे उद्योग यांवर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध केलें. १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले. आपल्या संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदांत कायद्याच्या समान संरक्षणाचे जे शब्द आहेत, ते अमेरिकेच्या १४ व्या दुरुस्तींतील शब्दांशीं जुळतात. या थोर व्यक्तींनीं परभाषा शिकून परदेशाची नक्कल केली नाहीं. तेथील चांगलें व वाईट दोन्ही पारखून पाहिलें.

कांहीं पालक म्हणतील, “मुलांच्या कानीं राजकारण कशास घालावें?” शंका रास्त आहे. कोणत्या पक्षास मत द्यावें हें शाळेनें शिकवूं नये. परंतु पक्ष शिकविणें निराळें आणि शब्द पारखावयास शिकविणें निराळें. यासाठीं तीन गोष्टी पुरेत. पहिली, थोर भाषणांतील एखादा उतारा मोठ्यानें वाचावा. दुसरी, त्याचें मराठी करावें. ‘पीपल’ या शब्दास रयत म्हणावें, प्रजा म्हणावें, जनता म्हणावें, कीं लोक? रयत म्हटलें कीं सरकार आठवतें, प्रजा म्हटलें कीं राजा आठवतो. आपल्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेंत ‘लोक’ हाच शब्द कां आहे, हें मग मुलांस आपोआप उमगतें. तिसरी, वादसभेंत ज्या विद्यार्थ्यानें एक बाजू मांडली, त्यासच पुढच्या वेळीं विरुद्ध बाजू मांडावयास लावावी. ज्या आईबापांस इंग्रजी येत नाहीं, त्यांसही यांत मोठें काम आहे. रात्रीं जेवणानंतर मुलास विचारावें, “आज काय वाचलेंस, तें मराठींत सांग.” त्यास सांगतां आलें नाहीं, तर त्यास तो धडा समजला नाहीं, असें खुशाल समजावें.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, अमेरिकेचा इतिहास वाचून त्या लोकांस नांवें ठेवणें सोपें आहे, आणि त्यांची स्तुति करणेंही सोपें आहे. कठीण आहे तें हें कीं, तो शब्द घेऊन आपल्या गांवांत परत यावें. आपल्या पाणवठ्यावर, आपल्या पंगतींत, आपल्या वर्गांतील बांकावर आणि आपल्याच घरांत मुलगा व मुलगी यांच्या ताटांत ‘समान’ या शब्दाचा अर्थ काय होतो, तें पाहावें. कागदावर लिहिलेला शब्द खरा करून दाखविण्यास एका मोठ्या राष्ट्रास पिढ्यान्‌पिढ्या लागल्या, आणि तें काम अजून पुरें झालेलें नाहीं. आपल्याकडे तोच शब्द २६ जानेवारी १९५० पासून कायद्यांत आहे. तो खरा करणें हें, बालमित्रहो, तुमच्या पिढीचेंही काम आहे. आणि त्यासाठीं शिकलेली भाषा परीक्षेच्या दिवशींही तुम्हांस उपयोगीं पडल्यावांचून राहणार नाहीं.