विश्लेषण : ‘व्हेरिकोसील’ची शस्त्रक्रिया कोणाच्या कामाची?

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही मूल नाही, की तपासण्यांची फाइल आधी बायकोच्या नावाने उघडते. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी अनेकदा खूप उशिरा होते. तीत दोष निघाला, तर त्यामागे वारंवार सापडणारे कारण म्हणजे व्हेरिकोसील, अर्थात वृषणाच्या वरच्या बाजूच्या शिरा फुगणे.

हे होते कसे?

पायांतल्या ‘व्हेरिकोज व्हेन्स’चाच हा भाऊबंद. शिरांमधल्या झडपा नीट मिटत नाहीत आणि वर जायचे रक्त खाली साचते. बहुतेकदा हे डावीकडे होते. उजवी शीर थेट पोटातल्या महाशिरेला तिरकी मिळते, डावी मात्र आणखी वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषण शरीरापेक्षा सुमारे दोन अंश थंड असावे लागते. साचलेल्या रक्तामुळे ते तापते. शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि ठेवण या तिन्हींना त्याचा फटका बसू शकतो.

मात्र सर्वसाधारण पुरुषांतही सुमारे १५ टक्के जणांना व्हेरिकोसील असते आणि त्यातले बहुतेक जण बाप होतात. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्के आहे.

सोनोग्राफीत दिसले, म्हणून ऑपरेशन?

नाही. गल्लत होते ती इथेच. रुग्णाला उभे करून, श्वास रोखून कुंथायला सांगून डॉक्टरांनी हाताने तपासणे, हीच खरी परीक्षा. हाताला लागणाऱ्या शिरा, वीर्यतपासणीत दोष आणि मूल होण्यातली अडचण, हे तिन्ही जुळले तरच उपचाराचा विचार करावा, असे अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. केवळ डॉप्लरमध्ये दिसलेल्या बारीक शिरा बांधून फायदा होत नाही.

फायदा किती?

एडिनबर्गच्या टुलक या सर्जनने १९५२मध्ये, शुक्राणूच नसलेल्या एका रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर मूल झाल्याचे नोंदवले आणि या उपचाराला जोर आला. वाद मात्र मिटला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००४मध्ये वंध्यत्वासाठी ही शस्त्रक्रिया सुचवू नये, असे म्हटले. २०१२च्या कॉक्रेन आढाव्याचा अंदाज असा, की एक जादा गर्भधारणा साधण्यासाठी १७ पुरुषांवर उपचार करावे लागतात. तोही पुरावा कमी दर्जाचा. म्हणजे वीर्याचा अहवाल सुधारणे वेगळे आणि घरात पाळणा हलणे वेगळे.

कोणती पद्धत?

जांघेजवळ छोटा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली शिरा बांधणे ही आज सर्वाधिक पसंतीची पद्धत. धमनी आणि लसवाहिन्या वाचवता येत असल्याने पुन्हा शिरा फुगणे किंवा वृषणाभोवती पाणी साचणे कमी होते. छेद न घेता, नळीवाटे शीर आतून बंद करण्याचा पर्यायही आहे.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे पहिली तपासणी तीन महिन्यांनी केली जाते आणि खरा परिणाम दिसायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ जाऊ शकतो. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर एवढे थांबायचे की थेट आयव्हीएफकडे वळायचे, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारायला हवे.