रानपिंगळा परतला नाही, कारण तो गेलाच नव्हता

जंगलातल्या पाहणीत एखादा दुर्मीळ पक्षी अचानक दिसला की मथळा ठरलेला असतो: ‘नामशेष पक्षी परतला’. रानपिंगळा या घुबडाबद्दल हे इतक्यांदा छापलं गेलंय की अनेकांना तेच खरं वाटतं.

फ्रान्सिस ब्लेविट यांना 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून आणखी नमुने गोळा केले. 1884 नंतर खात्रीची नोंदच नाही, म्हणून पक्षी संपला असं बहुतेकांनी धरलं. खरी गोम वेगळीच होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचा, संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला! पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले आणि ही लबाडी उघडी पडली. मग मांडवीचा नाद सोडून मूळ ठिकाणांचा माग काढत त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खानदेशातल्या शहाद्याजवळ पोहोचले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळच्या उजेडात, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता.

‘घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी’ हा समजही इथे गळून पडतो. रानपिंगळा दिवसा शिकार करतो. पाली, सरडे, उंदीर हे त्याचं खाणं.

गावाशेजारी दिसणारा प्रत्येक पिंगळा मात्र रानपिंगळा नसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, पोटावर तपकिरी खुणा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली मधोमध पोट पांढरंशुभ्र. पाय आणि चोच अंगाच्या मानाने दणकट. फोटोत छाती-पोट नीट दिसत नसेल तर ओळख पक्की धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा पक्षी सातपुडा-मेळघाटाबाहेर नाही, असंही बरीच वर्षं मानलं जाई. 2014 मध्ये तो मुंबईपासून साधारण 100 किलोमीटरवर, तानसा अभयारण्यात सापडला. तो तिथे नवा आला, असं यावरून ठरत नाही. त्याच्यासाठी तिथे आधी कोणी डोळे उघडे ठेवले नव्हते, एवढंच खात्रीने म्हणता येतं. अशा नव्या ठिकाणांमुळे 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. पण जागा जास्त कळल्या म्हणजे पक्षी वाढले, असं नव्हे. सागाची जुनी, ढोलीची झाडं तुटली की त्याची घरटी जातात, आणि ती तोड थांबलेली नाही.

तुम्हाला तो दिसलाच, तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. ढोलीची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो, तारीख आणि ठिकाण थेट वनविभागाला कळवा.