गाण्याचा कप्पा : रॉक, लोकगीत आणि भीमगीत

नालासोपारा पूर्वेकडील एका वस्तीत जयंतीनिमित्त गायनस्पर्धा होती आणि परीक्षकांत मला बसविले होते. प्रवेशपत्रावर तीन कप्पे छापलेले : भीमगीत, लोकगीत, पाश्चात्त्य संगीत. स्पर्धकाने एकावर खूण करावयाची. चार तरुण मंचावर आले. दोघांच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, तिसऱ्याकडे बेस, चौथा ड्रमसेटमागे. तो ड्रमसेट वसईतील एका लग्नाच्या बँडवाल्याकडून भाड्याने आणलेला. गाणे त्यांचे स्वतःचे, मराठीतले, विषय चवदार तळ्याचा. खूण अर्थातच भीमगीतावर. गाणे संपताच माझ्या शेजारचे वयोवृद्ध परीक्षक म्हणाले, "ढोलकी नाही, पेटी नाही, मागे कोरस नाही. हे कसले भीमगीत? हे रॉक आहे." दुसरे परीक्षक इंग्रजी गाण्यांचे जाणकार. ते म्हणाले, "छे, रॉक नव्हे. ठेका केरव्याचा आहे. आणि मराठीत कुठे रॉक असते?" शेवटी संयोजकांनी मुलांना तिसऱ्या कप्प्यात सरकविले. त्या कप्प्याला बक्षीस ठेवलेले नव्हते.

बक्षिसाची रक्कम किरकोळ होती. परंतु वर्षभराच्या सुपाऱ्या कोणाकडे जाणार, हे अशा स्पर्धांतूनच ठरते. तेव्हा रॉक कशाला म्हणावे आणि भीमगीत कशाला, हा प्रश्न रिकामटेकड्यांच्या गप्पांचा नाही. त्यावर कोणाची तरी रोजी अवलंबून आहे.

रॉकची ध्वनिलक्षणे सांगता येत नाहीत असे नाही. आपला कान आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, टेकतो. रॉकमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा फटका बसतो. विजेवर वाढविलेला आणि मुद्दाम फाटू दिलेला गिटारचा आवाज, खाली बेसची सतत चाल, आणि पुष्कळदा 'ब्लूज'कडून आलेला बारा घरांचा साचा, ही त्याची ओळख. पण ही फूटपट्टी घेऊन मोजू लागले की ती लगेच अपुरी पडते. लिटल रिचर्डचे मुख्य वाद्य पियानो होते. बीटल्सनी १९६५ साली ड्रमशिवाय, तंतुवाद्यांच्या चौकडीसह एक गाणे मुद्रित केले, तरी ते रॉकच्याच फळीवर राहिले. उलट, सगळी लक्षणे असूनही ज्यांना त्या फळीवर जागा मिळाली नाही, अशांची यादी मोठी आहे. असे का व्हावे? त्यासाठी फळ्या कोणी लावल्या हे पाहावे लागते.

अमेरिकेत १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची तबकडी भरमसाट खपली, आणि कृष्णवर्णीयही तबकड्या विकत घेतात हे कंपन्यांना प्रथमच उमगले. मग त्यांच्यासाठी स्वतंत्र यादी निघाली. तिचे नाव 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या. येथे ध्यानात घ्यावे की हे नाव सुराचे नाही, तालाचे नाही. ते गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जन्माचे आहे. गावकुसाबाहेर वस्ती वसवावी तशी ही यादी. १९४९ साली 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने हे नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले. नाव सभ्य झाले, वस्ती तीच राहिली.

पुढे १९५१ पासून क्लीव्हलँडच्या रेडिओवर अॅलन फ्रीड हा गोरा निवेदक हेच संगीत 'रॉक अँड रोल' या नावाने वाजवू लागला. शब्द त्याचा नव्हता, कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आणि गाण्यांतून तो आधीपासून चालत आलेला होता. त्याच वर्षी मेम्फिसमध्ये 'रॉकेट ८८' हे गाणे मुद्रित झाले. वाटेत अॅम्प्लिफायर बिघडला, त्यात कागद कोंबून काम भागविले आणि त्यातून तो घरघरता गिटार निघाला, असे सांगतात. (फाटका आवाज गरजेपोटी निघाला आणि पुढे शैली झाला, आपल्या वस्तीतल्या भाड्याच्या लाउडस्पीकरखाली वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.) कित्येक अभ्यासक त्यालाच पहिले रॉक गाणे मानतात. पण तेव्हा ते 'ऱ्हिदम अँड ब्लूज'च्या यादीत होते. बिग ममा थॉर्नटन हिने १९५२ साली मुद्रित केलेले 'हाउंड डॉग' त्याच यादीत गाजले. १९५६ साली ते एल्व्हिस प्रेस्ले याने गायिले आणि सगळ्या देशाचे रॉक अँड रोल झाले. सिस्टर रोझेटा थार्प ही चाळीसच्या दशकातच चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवीत होती की पुढची पिढी तिच्याकडून शिकली. पण तिच्यावर 'भक्तिगीत' अशी चिठ्ठी लागलेली. ती १९७३ साली वारली. क्लीव्हलँडच्या रॉक कीर्तिमंदिरात तिचे नाव लागले २०१८ साली. आणि १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय वादकांना 'ब्लॅक रॉक कोअॅलिशन' नावाची संघटना काढावी लागली. कारण रॉक हे तुमचे संगीत नव्हे, असे आता त्यांनाच ऐकविले जात होते!

१९७२ साली दलित पँथरने तेथील ब्लॅक पँथरचे नाव उचलले, तेथील कृष्णवर्णीय साहित्याची चर्चाही आपल्याकडे पुष्कळ झाली. तबकड्यांच्या या फळ्यांकडेही तितकेच पाहायला हवे. कारण फळ्या आपल्याकडेही लागल्या.

तमाशाचेच पाहा. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली आणि त्याच काळात 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले. ढोलकी तीच, कलावंत बहुतेक त्याच जातींतले, पण नाव बदलताच पांढरपेशा प्रेक्षक खुर्चीवर येऊन बसला. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी त्या रूपातून कामगारांचे प्रश्न मांडले, हे या नावाचे श्रेय खरेच. तरी 'तमाशा' हा शब्द ज्यांच्या पोटाशी बांधलेला होता ते मागेच राहिले.

आकाशवाणीचे कप्पे वेगळे : शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत. लोकसंगीत म्हणजे ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते, परंपरेने आलेले, असा सर्वसाधारण समज. आता वामनदादा कर्डक यांना कोठे ठेवणार? १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन करून त्यांनी लिहायला आरंभ केला आणि २००४ साली जाईपर्यंत हजारो गीते लिहिली. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा. म्हणजे कर्ता ठाऊक, म्हणून लोकगीत नव्हे. आवाज मोकळा, म्हणून भावगीत नव्हे. चाल लावून गाइले जाते, म्हणून समीक्षकांच्या लेखी कविता नव्हे. कप्प्याच्या तिन्ही भिंतींबाहेर राहूनही ते गाणे गावोगाव पोहोचले, हे कप्प्यांचे कर्तृत्व नाही. आणि ज्या पेटीवर ते वाजले तिला आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके मज्जाव केला होता.

प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचा आवाज गणेशोत्सवाच्या मांडवात वाजतो आणि जयंतीच्या मिरवणुकीतही. गळा तोच, कव्वालीचा तो उंच उठाव तोच. कॅसेटच्या दुकानात मात्र तो दोन फळ्यांवर असे, एकीवर 'भक्तिगीते' आणि दुसरीवर 'भीमगीते'.

गोंधळ कोठे होतो ते यावरून दिसते. 'भीमगीत' हे नाव गाणे कोणाविषयी आहे ते सांगते. 'कव्वाली', 'पोवाडा' ही नावे रचना सांगतात. 'हळदीचे गाणे' प्रसंग सांगते. 'रॉक' मुख्यतः वाजविण्याची रीत सांगते. आणि 'रेस रेकॉर्ड्स', 'लोकसंगीत' ही नावे, कितीही सभ्य दिसली तरी, माणसे कोठली ते सांगतात. वेगवेगळ्या प्रश्नांची ही उत्तरे एकाच प्रवेशपत्रावर एकमेकांसमोर उभी केली आणि एकच निवडा म्हटले, तर मुलांनी काय करावे? शेर आणि हात यांतले मोठे कोणते, असे विचारण्यासारखे ते आहे. त्या चौघांचे गाणे रॉकही होते आणि भीमगीतही. माझ्या मते यात विरोध नाहीच. केरवा आठ मात्रांचा, तो ड्रमच्या चार-चार मात्रांवर बिनबोभाट बसतो, तेव्हा केरवा आहे म्हणून रॉक नाही हे म्हणणेही टिकत नाही.

'पाश्चात्त्य' हा शब्द तर वसईत फारच विनोदी वाटतो. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अमलाखाली राहिलेला हा मुलूख. येथील ख्रिस्ती लग्नात ब्रासबँड वाजतो तो घरचाच म्हणून वाजतो. पूर्वेच्या पाड्यांवर वारल्यांचा तारपा घुमतो. विरार लोकलमध्ये भजनी मंडळींना डब्याचा पत्रा हाच मृदंग असतो. यांतले पश्चिमेचे कोणते आणि आपले कोणते, हे सांगणारा परीक्षक मला तरी आढळलेला नाही.

वयोवृद्ध परीक्षकांचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही. "उद्या सगळीकडे गिटार आली तर आमच्या ढोलकीवाल्यांनी कोठे जावे?" असे ते नंतर चहा पिताना म्हणाले. ही भीती खरी आहे. त्यांनी तरुणपणी जयंतीच्या रात्री जागविल्या आहेत. पण ढोलकी तमाशातून आली, कव्वाली सूफींच्या दर्ग्यातून, पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून. भीमराव कर्डक प्रभृतींनी १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा तमाशाचा साचा घेऊन त्यांनी आत वेगळाच आशय भरला; त्या काळीही 'हा तमाशा नव्हे' म्हणणारे असतीलच. मुंबईच्या 'धम्म विंग्ज'ने रॉकच्या वाद्यांवर बुद्ध-आंबेडकरांची गाणी म्हटली. चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ सालापासून गाना, रॅप आणि रॉक एकत्र आणले. तेथे गिटारशेजारी परई वाजते. परईवाल्याला घरी पाठवावे लागले नाही.

संयोजकांना मी सुचविले की पुढल्या वर्षी कप्पे काढून टाकावेत आणि प्रवेशपत्रावर दोनच प्रश्न विचारावेत : कशावर वाजवता? कशाविषयी गाता? त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले. मग त्यांतील एकजण म्हणाला, "सर, गेल्या वर्षीची पत्रे पाचशे शिल्लक आहेत. ती संपू द्या."

तोवर त्या मुलांनी पत्र मागवून घेतले होते. त्यांच्यातल्या ड्रमवाल्याने तिन्ही कप्प्यांवर खुणा केल्या होत्या.