घरात ‘प्रोटेक्शन डॉग’ आणताय? आधी ‘सोड’ हा शब्द समजून घ्या

गावाबाहेरच्या बंगल्यात एकटे राहणारे आईवडील, नवरा सतत फिरतीवर असल्याने मुलांसह एकटी राहणारी गृहिणी, वारंवार चोऱ्या होणारी वसाहत. अशा घरांत कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठीच आणला जातो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि रॉटवायलर यांच्या जोडीला आता बेल्जियन मॅलिनॉय या जातीचीही विचारणा होते. मोबाइलवर एखादा कमांडो कुत्रा माणसाच्या दंडाला लटकलेला दिसला की वाटते, आपलाही असाच हवा. मग ‘अटॅक ट्रेनिंग’ देणाऱ्या ट्रेनरचा शोध सुरू होतो.

पण त्या व्हिडिओत दिसतात ते शेवटचे काही सेकंद. त्यामागे कित्येक महिन्यांची मेहनत असते आणि ती तिघांची असते : कुत्रा, त्याला सांभाळणारा हँडलर आणि खोटा गुन्हेगार बनून अंगावर चावा झेलणारा डेकॉय.

पोलिसांचा प्रत्येक कुत्रा चावत नाही

आपल्याकडच्या पोलीस श्वानपथकांतले बहुतेक कुत्रे चावण्यासाठी नसतातच. कुणी गुन्हेगाराचा माग काढते, कुणी स्फोटके हुंगते, कुणी अमली पदार्थ. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या ‘जंजीर’ने ढीगभर स्फोटके शोधून दिली, तो लॅब्रॅडॉर होता. त्याचे हत्यार होते नाक.

माणसावर झेप घेणारे असॉल्ट डॉग ही वेगळी तुकडी. ऑक्टोबर २०२२ मध्ये काश्मीरच्या अनंतनाग जिल्ह्यात अतिरेकी लपलेल्या घरात लष्कराचा ‘झूम’ शिरला, दोन गोळ्या लागूनही झुंजत राहिला आणि काही दिवसांनी उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. असे काम करणारा कुत्रा रागीट असून चालत नाही. तो धीट आणि हँडलरच्या शब्दात राहणारा असावा लागतो.

आधी नाते, मग हुकूम

मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालते. केंद्रीय राखीव पोलीस दलाची श्वानशाळा बेंगळुरूजवळ तरळू येथे, तर इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे केंद्र हरियाणात पंचकुलाजवळ भानू येथे आहे. अशा केंद्रांत कुत्र्याबरोबर हँडलरही शिकतो. खाऊ घालणे, ब्रशने अंग साफ करणे, फिरवणे, आजारपण ओळखणे हे सगळे त्याच्याकडेच असते. काम कोणते, यावर हे शिक्षण साधारण सहा ते नऊ महिने चालते. बस, थांब, ये, सोबत चल हे अंगवळणी पडल्यावरच पुढचा धडा येतो.

डेकॉय : मार खाणारा मास्तर

बघणाऱ्याला वाटते, डेकॉय म्हणजे जाड कपडे घालून चावा खाणारा माणूस. खरे तर चावण्याच्या कामात कुत्र्याला शिकवतो तोच.

सुरुवात खेळाने होते. डेकॉय चिंधी किंवा गोणपाटाची गुंडाळी सशासारखी पळवतो आणि पिल्लू ती पकडायला धावते. नंतर हातावर जाड बाही चढते, पुढे सगळ्या अंगाचा बाइट सूट. कुत्र्याने पूर्ण जबड्याने, घट्ट आणि शांत पकड घेतली की डेकॉय हरल्यासारखे करतो, बाही हातातून सोडून देतो. कुत्रा ती तोंडात मिरवत नेतो. ‘नीट पकडले की मी जिंकतो’ हे त्याला कळते. कुत्रा नुसत्या पुढच्या दातांनी चावत असेल, पुन्हा पुन्हा पकड बदलत असेल, तर तो बावरलेला असतो. अशा वेळी चांगला डेकॉय एक पाऊल मागे घेतो, नजर वळवतो, ताण कमी करतो.

अडाणी डेकॉय नेमके उलटे करतो. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला काठीने डिवचतो, ओरडतो, कोपऱ्यात घेतो. कुत्रा चवताळून चावतो आणि मालक खूश होतो. पण तो चावा भीतीचा असतो. भीतीने चावणाऱ्या कुत्र्याला चोर आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस यांतला फरक कळत नाही.

आणखी एक अडचण असते. एकाच मैदानात, एकाच माणसाबरोबर सराव केलेला कुत्रा माणसाऐवजी बाहीच ओळखू लागतो. म्हणून जागा बदलतात, डेकॉय बदलतात, बाही शर्टाखाली लपवतात. कधी कुत्र्याला मझल लावून साध्या कपड्यांतल्या माणसासमोर सोडतात.

सर्वांत कठीण धडा

चावायला लावणे त्या मानाने सोपे. चेव आलेल्या कुत्र्याने एका शब्दावर जबडा उघडणे अवघड. यासाठी डेकॉय अगदी स्थिर उभा राहतो, म्हणजे खेळातली गंमतच संपते. हँडलर ‘आऊट’ म्हणजे ‘सोड’ म्हणतो. कुत्र्याने सोडले की बक्षीस म्हणून पुन्हा पकडायला मिळते. सोडण्यात आपले नुकसान नाही, हे त्याला पटते. त्याहून पुढचा धडा म्हणजे अर्ध्या वाटेवरून परत बोलावणे.

जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शेफर्डची पारख करण्यासाठी सुरू झालेली परीक्षा आज ‘आयजीपी’ नावाने जगभर घेतली जाते. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग. संरक्षणाच्या भागात लपलेला माणूस सापडला आणि तो निमूट उभा असेल, तर कुत्र्याने फक्त भुंकून त्याला रोखायचे असते. तिथे चावला तर गुण कापले जातात.

ट्रेनर ठरवण्याआधी

* घरात कुत्र्याचा हँडलर कोण असणार? तो फक्त बाबांचे ऐकत असेल, तर बाबा ऑफिसला गेल्यावर आजी, मुले आणि कामवाली मावशी यांचे काय?
* चावण्याचे शिक्षण दाखवण्याआधी ट्रेनरला ‘सोड’ आणि ‘परत ये’ दाखवायला सांगा.
* सराव तुमच्यासमोर होऊ द्या. कुत्र्याची शेपूट पायांत, कान मागे आणि नजर चुकवलेली दिसली, तर तिथेच थांबा.
* मारून शिकवणाऱ्याकडे कुत्रा देऊ नका. प्राण्याला मारहाण करणे १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.
* दात बदलण्याच्या वयात, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाबरोबर जोराची ओढाताण नको.
* ‘महिनाभरात अटॅक डॉग’ अशा जाहिरातींपासून दूर राहा.

कुत्र्यामुळे कुणाला इजा होऊ नये याची काळजी घेणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. तिच्यात हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

बहुतेक घरांना चावणाऱ्या कुत्र्याची गरजच नसते. अनोळखी माणूस फाटकाशी आला की भुंकणारा, ‘बस’ म्हटले की बसणारा, पाहुण्यांत आणि लहान मुलांत शांत राहणारा कुत्रा पुरेसा असतो. भुंकणे ऐकूनच भुरटे चोर पुढचे घर बघतात. तो विश्वासू कुत्रा घडवायला बाइट सूट लागत नाही. रोजचा अर्धा तास, खिशात थोडा खाऊ आणि घरातल्या सगळ्यांनी वापरलेले तेच चार शब्द एवढे लागते. याची सुरुवात आज संध्याकाळच्या फेरीपासूनही करता येईल.