पवनाकाठी तंबूतला मुक्काम

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कामशेतहून निघालेला रस्ता पवनानगरची बाजारपेठ ओलांडून पवना धरणाच्या जलाशयाशी येतो. भोवती तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर हे किल्ले. या जलाशयाने मावळातील कितीतरी शेते पोटात घेतली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्यातून वाघेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते. काठावर जी शेती उरली, तिच्यात आता अनेक कुटुंबे पाहुण्यांना तंबूसाठी जागा देतात.

काही ठिकाणी दिव्यांच्या माळा आणि कर्णे लावून रात्रभर गोंगाट चालतो. त्यासाठी एवढ्या दूर कशाला यावे, हा प्रश्नच आहे. खरा मुक्काम साधा. वीज नाही, नळ नाही, पक्के शौचालय नाही. शेतकऱ्याने दाखविलेला बांधालगतचा सपाट तुकडा आणि घरून आणलेला तंबू, एवढेच. जागा उताराच्या तळाशी किंवा वाळक्या फांदीखाली नसावी. थंडी जमिनीतून चढते, म्हणून पांघरुणाहून अंथरूण जाड हवे. मात्र कितीही गारठा असला तरी पेटती शेगडी तंबूत घेऊ नये; कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना येथे नवे काही शिकावे लागत नाही. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर भागते आणि कंदिलाभोवती कीटक जमण्याआधीच ताटे आवरलेली असतात.

पण ती धुवायची कोठे? जलाशयाचे पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरविले जाते. चिंचवडच्या कुटुंबाने काठावर साबण कालवला, तर तो आपल्याच पाण्याच्या वाटेवर सोडल्यासारखे होते. भांडी राखेने घासावीत आणि पाणी काठापासून दूर, मातीत जिरू द्यावे. शौचासाठी काठापासून निदान दोनशे फुटांवर वीतभर खोल खड्डा खणून नंतर मातीने बुजवावा. तान्ह्या मुलांचे लंगोट आणि प्लॅस्टिक घरी परत न्यावे. याच धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने नेण्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. मावळात या पाण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. पाहुण्याला एवढे ठाऊक असावे.

पाण्याचे भय मात्र सर्वांत आधी सांगायला हवे होते. काठ शांत दिसतो, तळ तसा नसतो. खाली बुडालेले जुने बांध आहेत, ओढ्यांची पात्रे आहेत, गाळ आहे. गुडघाभर पाण्यातून एकाच पावलात माणूस डोक्याइतक्या खोलीत जातो. तरणतलावात सराईतपणे पोहणारेही येथे बुडतात. म्हणून पाण्यात उतरू नये, आणि मुले जागी असेपर्यंत एका वडीलधाऱ्या व्यक्तीने काठाच्या बाजूलाच बसून राहावे. हातात मोबाइल न घेता.

दिवे मालवले की पूर्वेकडून मृग नक्षत्र वर येते आणि त्यामागून व्याध. आजोबांना नक्षत्रे ओळखता येतात, हे कित्येक नातवंडांना अशाच रात्री प्रथम कळते.

पहाटे दवाने तंबू निथळत असतो. तो ओलाच गुंडाळला तर बुरशी धरतो; ऊन वर येईपर्यंत बांधावर पसरून ठेवावा आणि तोवर शेतकऱ्याच्या घरी चहाला जावे.