इन्फिनिटी डॉक्टर्स, द

लान्स पार्किन (१९७१– ) या इंग्रज लेखकाची विज्ञानकादंबरी. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभाला ३५ वर्षे पूर्ण होत असताना, नोव्हेंबर १९९८ मध्ये, बीबीसी बुक्सने ती प्रसिद्ध केली. मालिकांवर आधारलेल्या कादंबऱ्यांचे सामान्यतः दोन प्रकार आढळतात : प्रक्षेपित कथेचे गद्य रूपांतर आणि प्रक्षेपित कथांच्या मधल्या अवकाशात रचलेले नवे साहस. प्रस्तुत कादंबरी या दोहोंत बसत नाही. मालिकेचे मूळ गृहीतच तीत बदललेले आहे आणि त्या बदलाचे स्पष्टीकरण लेखकाने हेतुपुरस्सर दिलेले नाही. आधीच्या वा नंतरच्या कादंबऱ्यांवर तिचे कथानक अवलंबून नसल्याने ती स्वतंत्र कृती म्हणूनही वाचता येते.

पार्श्वभूमी : ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित केला. ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा एक परग्रहवासी आणि पोलीसचौकीच्या निळ्या पेटीसारखे दिसणारे ‘टार्डिस’ हे त्याचे कालयान, हा मालिकेचा पाया होय. प्रमुख नट विल्यम हार्टनेल १९६६ मध्ये बाहेर पडला, तेव्हा नायकाचे शरीर व चेहरा पालटतो, अशी युक्ती योजण्यात आली आणि त्यामुळे मालिका नटांवाचून अडली नाही. नायकाचा भूतकाळ मात्र फार सावकाश उलगडत गेला. तो ‘टाइम लॉर्ड’ म्हणजे कालाधिपती या ज्ञातीचा असून तिच्यापासून पळून आलेला आहे, हे १९६९ मधील ‘द वॉर गेम्स’ या कथेत कळले. त्याच्या ग्रहाचे ‘गॅलिफ्रे’ हे नाव १९७३ मध्ये प्रथम उच्चारले गेले. तेथील राजधानी, तिचे विधी, पंथोपपंथ व सत्तास्पर्धा यांचे सविस्तर चित्रण १९७६ मधील ‘द डेडली असॅसिन’ या रॉबर्ट होम्सच्या कथेत आले.

मालिकेवरील कादंबऱ्यांची परंपराही जुनी आहे. डेव्हिड व्हिटेकर याने १९६४ मध्ये लिहिलेल्या पहिल्याच कादंबरीत डेलेकांची कथा आहे. तथापि डॉक्टर आणि त्याचे सोबती यांची पहिली भेट लंडनमधील भंगाराच्या आवाराऐवजी बार्न्झ कॉमन येथील धुक्यातील मोटार-अपघातातून घडते. म्हणजे मूळ कथेची पुनर्कल्पना ही या वाङ्मयप्रकाराच्या आरंभापासूनच त्यात होती. टार्गेट या प्रकाशनाने १९७३ पासून बहुतेक सर्व प्रक्षेपित कथांची रूपांतरे काढली. चित्रफितींचा प्रसार होण्यापूर्वी जुन्या कथा पुन्हा अनुभवण्याचे ते जवळजवळ एकमेव साधन होते.

६ डिसेंबर १९८९ रोजी मालिकेचे नियमित प्रक्षेपण थांबले. व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेने १९९१ पासून ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ ही प्रौढ वाचकांसाठीची नव्या कादंबऱ्यांची माला सुरू केली. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅन याची भूमिका असलेला दूरचित्रपट झाला, पण त्यातून नवी मालिका निघाली नाही. १९९७ मध्ये कादंबऱ्यांचे काम बीबीसीने स्वतःकडे घेतले. परिणामी या दशकात कथेचा मुख्य प्रवाह पडद्यावर नव्हे, तर ग्रंथांत वाहत होता आणि मालिकेचे जग कसे आहे, हे ठरविण्याचे काम कादंबरीकारांवर येऊन पडले.

परस्परविरोधी वृत्तांतांचा प्रश्न : अनेक लेखकांनी अनेक दशके लिहिलेल्या जगात विसंगती असणे अपरिहार्य होते. गॅलिफ्रेबाबत तर ती पराकोटीस पोचली. १९६९ मधील कालाधिपती हे शांत, अलिप्त व जवळजवळ देवतुल्य होते. १९७६ मध्ये ते कारस्थानी, वयोवृद्ध आणि विद्यापीठीय रूढींत अडकलेले दिसले. १९६३ च्या कथांत डॉक्टरसोबत सूझन ही नात होती. उलट मार्क प्लाट याच्या ‘लंगबॅरो’ (१९९७) या कादंबरीत असे सांगितले गेले, की प्राचीन शापामुळे या ग्रहावर मुले जन्मासच येत नाहीत. प्रौढ व्यक्ती यंत्रमागावर विणल्या जातात. १९९६ च्या दूरचित्रपटाने तर डॉक्टर मातेकडून अर्धा मानव असल्याचे म्हटले. यांपैकी कोणता वृत्तांत अधिकृत मानावा, याचा निर्णय बीबीसीने कधीच दिला नाही.

पार्किन याला या प्रश्नाची विशेष जाण होती. ‘ए हिस्टरी ऑफ द युनिव्हर्स’ (१९९६) या ग्रंथात त्याने मालिकेतील सर्व घटना कालक्रमाने मांडण्याचा खटाटोप केला होता. ‘जस्ट वॉर’ (१९९६), ‘कोल्ड फ्यूजन’ (१९९६) व ‘द डाइंग डेज’ (१९९७) या कादंबऱ्याही त्याच्या नावावर होत्या. त्यांपैकी ‘कोल्ड फ्यूजन’मध्ये ‘पेशन्स’ या नावाने ओळखली जाणारी एक प्राचीन गॅलिफ्रेवासी स्त्री येते. ती डॉक्टरची पत्नी असावी, असे त्या कादंबरीत सूचित केले आहे.

कथानक : ‘द इन्फिनिटी डॉक्टर्स’मधील डॉक्टर पळून गेलेला नाही, तो गॅलिफ्रेवरच राहतो. राजधानीत त्याला मान आहे, विद्यार्थी आहेत आणि गमावलेल्या पत्नीची स्मृती आहे. लार्ना ही बुद्धिमान विद्यार्थिनी त्याच्या निकटवर्तीयांत आहे. त्याचा जिवलग मित्र ‘मॅजिस्ट्रेट’ या पदनामानेच ओळखला जातो. पुढे डॉक्टरचा कट्टर शत्रू होणारा ‘मास्टर’ तो हाच, हे जाणत्या वाचकास उमगते. मात्र लेखक तसे म्हणत नाही. दीर्घकाळ युद्धात गुंतलेल्या सोन्टारन आणि रूटन या दोन जातींच्या प्रतिनिधींना वाटाघाटींसाठी गॅलिफ्रेवर पाचारण करण्यात येते. या युद्धाचा उल्लेख मालिकेत १९७३ पासून येत होता, परंतु दोन्ही पक्ष एकत्र आल्याचे तीत दाखविले गेले नव्हते.

वाटाघाटी चालू असताना विश्वाच्या रचनेलाच धोका पोचविणारी एक अनाकलनीय घडामोड ध्यानात येते. तिचा माग काढीत डॉक्टर व मॅजिस्ट्रेट काळाच्या अखेरीस पोचतात. तेथे कृष्णविवराच्या सीमेवर ‘नीडल’ नावाची अवाढव्य लांबीची रचना उभी असते. घडामोडीच्या मुळाशी असतो ओमेगा. कालाधिपतींना कालप्रवासाचे सामर्थ्य मिळवून देणारा आणि त्या प्रयत्नात कृष्णविवरात हरवलेला हा आद्य अभियंता १९७२-७३ मधील ‘द थ्री डॉक्टर्स’ या कथेत प्रथम आला होता. इच्छामात्रे वास्तव घडविण्याची शक्ती त्याच्यापाशी आहे, पण आपल्या कारागृहातून बाहेर पडण्याची नाही. त्याच्या राज्यात डॉक्टरला आपली पत्नी पुन्हा भेटते. गमावलेले सर्व काही परत मिळण्याची शक्यता आणि त्यासाठी विश्वाला द्यावी लागणारी किंमत, हा कादंबरीतील मध्यवर्ती पेच होय.

रचनेचे विशेष : कथा कोणत्या काळातील आहे, हे कादंबरीत सांगितलेले नाही. हा डॉक्टर मालिकेतील कोणत्या नटाचा, हेही कळत नाही. ही कथा नायकाच्या पलायनापूर्वीची आहे, त्याच्या परतण्यानंतरची आहे की तो कधीच न गेलेल्या एखाद्या पर्यायी विश्वातील आहे, या तिन्ही अर्थांना पोषक खुणा संहितेत आढळतात आणि त्यांतील कोणताही अर्थ निर्णायक ठरत नाही.

वृत्तांतांच्या विसंगतीबाबतही पार्किनचे धोरण असेच आहे. विसंगत तपशिलांपैकी एक निवडून बाकीचे खोटे ठरविण्याचा नेहमीचा मार्ग त्याने टाळला. दूरचित्रवाणी, कादंबऱ्या व चित्रकथा यांत गॅलिफ्रेविषयी जे जे सांगितले गेले, ते सर्व खरे धरून त्याने हे जग उभारले आहे. काळावर सत्ता गाजविणाऱ्या समाजाचा इतिहास एकच एक असावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे, असे या मांडणीतून सूचित होते. अशा रीतीने चाहत्यांच्या वादाचा विषय कथेचे आशयसूत्र बनतो.

दुसरे आशयसूत्र सत्ता व तटस्थता यांचे आहे. मूळ मालिकेत ज्ञातीच्या निष्क्रियतेचा निषेध म्हणून नायक भटकंती पत्करतो. येथे तो व्यवस्थेच्या आत राहून तिच्या सामर्थ्याचा सदुपयोग करू पाहतो, आणि शांतता-परिषद हे त्याचेच फलित होय. तथापि सामर्थ्य असूनही ते न वापरणे केव्हा शहाणपणाचे आणि केव्हा भ्याडपणाचे, हा प्रश्न ओमेगाच्या रूपाने त्याच्यापुढे उभा राहतो. नायकाच्या वैयक्तिक दुःखाला मिळालेले स्थानही त्या काळापर्यंत या मालिकेत दुर्मिळ होते.

कादंबरीच्या मर्यादा तिच्या गुणांतूनच उद्भवतात. कथानक स्वतंत्र असले, तरी पूर्वसूरींच्या संदर्भांची तीत एवढी दाटी आहे, की मालिकेशी अपरिचित वाचकास त्यांतील निम्मे अर्थही जाणवणार नाहीत. मॅजिस्ट्रेटच्या व्यक्तिरेखेतील करुण छटा तर त्याच्या भावी वैराची कल्पना असेल तरच प्रतीत होते.

नंतरची वाटचाल : बिग फिनिश या ध्वनिनाट्यसंस्थेने २००३ मध्ये ‘डॉक्टर हू अनबाउंड’ ही माला काढली. ‘असे झाले असते तर’ हेच तिचे सूत्र होते आणि ‘ऑल्ड मॉर्टॅलिटी’ या तिच्या पहिल्या नाट्यात गॅलिफ्रे कधीच न सोडलेला डॉक्टर आहे. मात्र तेथे पर्यायी विश्वाची चौकट उघडपणे मान्य केलेली आहे; पार्किनच्या कादंबरीतील संदिग्धता तीत नाही. पार्किनने पुढे ‘फादर टाइम’ (२००१) व ‘द गॅलिफ्रे क्रॉनिकल्स’ (२००५) या कादंबऱ्या लिहिल्या. यांपैकी दुसरीने आठव्या डॉक्टरच्या बीबीसी कादंबऱ्यांची माला संपली.

२६ मार्च २००५ रोजी मालिका पडद्यावर परतली आणि कादंबऱ्यांचे अग्रस्थान गेले. तरी त्यांचा प्रभाव उरला. पॉल कॉर्नेल याच्या १९९५ मधील ‘ह्यूमन नेचर’ या कादंबरीचे २००७ मध्ये मालिकेतच रूपांतर झाले. २०२० मधील ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागाने तर डॉक्टरचे व कालाधिपतींचे मूळच नव्याने सांगितले आणि जुन्या वृत्तांतांचे काय करावयाचे, हा वाद पुन्हा पेटला. एका कथेची अनेक रूपे एकाच वेळी खरी मानता येतात, असे उत्तर प्रस्तुत कादंबरीने या वादाला आधीच देऊन ठेवले होते. अनेक हातांनी घडलेल्या लोकप्रिय कथाविश्वांच्या अभ्यासात तिचे महत्त्व या भूमिकेमुळे आहे.