एका विहिरीच्या चार विहिरी

बँकेच्या नोकरीत माणूस दोन गोष्टी पक्क्या शिकतो : मुद्दल आणि व्याज यांतला फरक, आणि मार्चअखेरीची धास्ती. माझ्या बाबतीत दुसरीनं पहिलीवर मात केली, त्याची ही हकीकत.

1986 साल. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शेतीकर्जाचं काम पाहत होतो. एके दिवशी एक म्हातारा शेतकरी चार मुलांना घेऊन शाखेत आला. वीस एकर जमीन आणि मधोमध सात परस खोल, दगडी बांधणीची विहीर. बहात्तरच्या दुष्काळात या विहिरीनं अर्ध्या गावाला पाणी पाजलं होतं. आता वाटण्या झाल्या होत्या. प्रत्येकाच्या नावावर पाच एकरांचा सातबारा. जुनी विहीर थोरल्याच्या वाट्याला गेली, म्हणून उरलेल्या तिघांना नव्या विहिरी हव्या होत्या. आणि मोटारी चौघांनाही.

मुलं कागदांवर सह्या करत होती. म्हातारा मला म्हणाला, “साहेब, जमिनीची वाटणी तलाठी करील. पाण्याची कोण करणार? मडकं एकच. त्याला चार भोकं पाडली म्हणून पाणी वाढतंय व्हय?”

मी हसलो. दोन विहिरींत ठरावीक अंतर असावं, असा नियम होता. टेप थोडी सैल धरली आणि प्रकरणं नियमात बसवली. मार्चचं उद्दिष्ट पुरं झालं.

म्हाताऱ्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसला आहे. या खडकाच्या पोटात पाणी साठायला जागा थोडी. वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत मावेल तेवढंच. दर पावसाळ्यात जे मुरतं ते व्याज. ते वापरावं, मुद्दलाला हात लावू नये. आमच्या आजोबांची मोट बैलांच्या दमानं चालायची, म्हणून मुद्दल आपोआप शाबूत राहायचं. मोटारीला दम लागत नाही.

आता माणसांचा हिशेब पाहू. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 5 कोटी होती, 2011 मध्ये ती 11 कोटी 24 लाखांवर गेली. 1970-71 मध्ये शेतकऱ्याकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर. पाऊस मात्र आजोबांच्या वेळी पडायचा तेवढाच. देशात 1951 मध्ये माणशी वर्षाला सुमारे 5,177 घनमीटर पाणी उपलब्ध होतं, 2011 मध्ये ते 1,545 वर आलं. पाणी आटलं नव्हतं, वाटेकरी वाढले होते.

पण सगळा दोष पाळण्यावर टाकून मोकळं होणं बरं नाही. म्हाताऱ्याच्या काळी चार मुलं व्हावीत तेव्हा दोन जगतील, असा हिशेब असे. देवीची लस, दवाखाना, रेशन आलं आणि चारही जगली. यात वाईट काय झालं? आज चित्र पालटलं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुलं आहेत. पाळणे कमी झाले, तहान मात्र वाढतच गेली. ज्वारीच्या जागी ऊस आला, बादलीच्या जागी शॉवर आला. माणसं किती, या प्रश्नाला जोडूनच एकेक माणूस किती वापरतो, हा प्रश्न विचारावा लागतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो. म्हातारा केव्हाच गेला होता. जुन्या विहिरीच्या तळाशी बाभळीचं झुडूप उगवलं होतं. नव्या तिन्ही कोरड्या. धाकट्यानं पाच बोअर घेतले होते, त्यातले तीन फुफाट्याचे. त्यानं चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमचं कर्ज आम्ही फेडलं. पाणी तेवढं गेलं.” त्याचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. गावात पाणी असतं तर गेला नसता, असं तो म्हणाला.

बँकेच्या दप्तरात ती चारही खाती पूर्ण वसूल झालेली म्हणून बंद आहेत. उत्तम कर्जवाटपाबद्दल त्या वर्षी मला शाबासकीचं पत्र मिळालं होतं.

इलाज नाहीच असं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि शिल्लक पाहून पिकं ठरवतात. एवढं साधं बँकिंग आम्हा बँकवाल्यांना सुचलं नाही.

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत तिसऱ्या बोअरचा ठराव आला. टँकरचा खर्च परवडत नाही, हे कारण. मडक्याची गोष्ट मी सांगून पाहिली. लोक हसले, जसा मी 1986 साली हसलो होतो. ठराव मंजूर झाला. विरोधात हात एकच होता.